बिडी दोघांनी ओढली, मग दम एकालाच का लागतो?

परवा सोलापूरच्या पूर्वभागात टपरीवर एक काका ठणकावून सांगत होते, आमच्या आजोबांनी मरेपर्यंत बिडी ओढली, काय झालं त्यांना? आणि बाजूलाच काकांचा धाकटा भाऊ, आयुष्य पॉवरलूमवर गेलेलं, बिडी तीच, पण आता चार पावलं चालला की ओठांचा चंबू करून श्वास सोडतो. आजोबांचं उदाहरण खोटं नाहीये, पण त्यावरून बिडी निर्दोष ठरत नाही, कारण प्रत्येकाची जनुकं वेगळी असतात.

फुप्फुसात धूर गेला की पांढऱ्या पेशी धावून येतात आणि इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात. ही कात्रीच, जंतू कापते तशी फुप्फुसाचे रबरासारखे धागेही कापते. तिला आवरायला लिव्हर अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रोटीन बनवतं, आणि त्याचं काम मला फार म्हणजे फार आवडतं. उंदराचा खटक्याचा सापळा आठवा. प्रोटीनवरचा एक लूप म्हणजे आमिष, इलास्टेजनं तो कापला की खटका सुटतो, प्रोटीन इलास्टेजला ओढून आपल्या दुसऱ्या टोकाला आपटतं आणि त्यात कात्रीचा आकारच चेंगरतो. सापळा एकदाच चालतो, दोघंही बाद. आता त्या लूपवर ३५८ नंबरला मेथिओनीन हे अमिनो आम्ल असतं, बिडीचा धूर नेमकं त्यालाच ऑक्सिडाइज करतो, म्हणजे खटका गंजलाच म्हणा.

१९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिकसन यांना काही पेशंटच्या रक्तात हे प्रोटीन जवळपास नसल्याचं दिसलं. पुढे कळलं की १४ व्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदललं की ३४२ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन बसतं, हा झेड प्रकार, आणि मग सापळे लिव्हरमध्येच एकमेकांत अडकून साखळ्या होतात. आईवडील दोघांकडून झेड आला तर रक्तात नेहमीच्या १०-१५ टक्केच प्रोटीन उरतं, वर बिडी असेल तर तिशी-चाळिशीतच एम्फिसेमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटून दम लागणं, शिवाय लिव्हरला सिरॉसिसचा धोका.

झेड उत्तर युरोपात जास्त, आपल्याकडे विरळा. आपल्याकडे बहुतेकांत अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा, त्यात चूल, सुताची धूळ, तंबाखू.

मृगाला हैदराबादला जाऊन दम्यावर औषध म्हणून जिवंत मासा गिळणारे आपल्याकडेही आहेत, पण मासा जातो पोटात, फुप्फुसातले तुटलेले धागे त्यानं जुळत नाहीत.

त्या भावाला विचारलं, फुंकायची टेस्ट केली का, स्पायरोमेट्री? म्हणाला, एक्सरे काढलाय की. एक्सरेत सुरुवातीचा आजार दिसत नाही हो. नळ्या मोकळ्या करणारं औषध ओढूनही, जोरात फुंकलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांपेक्षा कमी बाहेर आली तर श्वासनळ्या अरुंद झाल्यात, ते फुंकल्यावरच कळतं.