आचार्य, आचारी आणि लिनक्स

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ज्यांचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यांना घरातला एखादा भाचा सांगतो, ‘मामा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाका, तीही संगणक चालवणारी प्रणालीच, आणि मोफत.’ आज हे तासाभराचं काम आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हाच सल्ला मिळाला असता तर मामांनी एकच प्रश्न विचारला असता: त्यात मराठी नीट दिसतं का? आणि भाचा गप्प बसला असता.

लिनक्सचं नाव निघालं की ‘फुकट’ हा शब्द पाठोपाठ येतो. आपल्याकडे त्याला कधीच फारसं वजन नव्हतं. असेंबल केलेल्या पीसीत विंडोजही बहुतेकदा फुकटातच यायचं, दुकानदाराच्या खणातल्या त्याच एका सीडीवरून. त्यामुळे लिनक्स घराघरांत का पोचलं नाही, याचं उत्तर किमतीत शोधण्यात अर्थ नाही. ते आजूबाजूच्या गोष्टींत होतं. प्रिंटर, मोडेम आणि आपली अक्षरं.

प्रिंटर तर या गोष्टीच्या मुळाशीच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांच्या संगणकावर तसा निरोप जावा, अशी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरला करून दिली होती. नव्याला ती करता येईना, कारण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कोणी देईना. अशा अनुभवांतून १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ ही मुक्त, म्हणजे जिचा कोड कोणालाही पाहता-बदलता येईल अशी, प्रणाली लिहिण्याची घोषणा केली. तिला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मिळाला तो मात्र हेलसिंकीतून. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. तीच पुढे लिनक्स झाली. सुरुवातीच्या परवान्यात वाटपासाठी पैसे घ्यायला मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी ती अट काढून ग्नूचा जीपीएल परवाना स्वीकारला. आता सीडी छापून विकायलाही हरकत उरली नाही.

हा बदल कोरडा वाटतो, पण आपल्याकडे लिनक्स पोचलं ते याच वाटेने. १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं खरं, पण डायलअपवरून अख्खी प्रणाली उतरवून घेणं म्हणजे फोनच्या बिलाला आमंत्रण. तेव्हा ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत येणारी सीडी हाच खरा पुरवठा होता. ती टाकून काळ्या पडद्यापर्यंत पोचलेले पुष्कळ. पुढे गाडी मोडेमपाशी अडायची. स्वस्तातले मोडेम अर्धवट असत, त्यांचं निम्मं काम विंडोजमधला ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, करायचा. लिनक्सवर ते नुसतं सर्किट. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर मिळत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट मिळत नाही!

पण मोडेम बदलता यायचा. मराठी कशी बदलणार?

त्या काळी आपलं सगळं छापील मराठी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत चालायचं. या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवले होते, प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. फॉन्ट असेल तर लग्नपत्रिका, नसेल तर कचरा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या सामाईक व्यवस्थेत, देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या जागा होत्या, पण नुसत्या जागा मिळून भागत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवली जाते ‘क’च्या नंतर आणि दिसायला हवी त्याच्या आधी. ‘राष्ट्र’मधला ष्ट्र तीन अक्षरांतून जुळवावा लागतो. हे जुळवणारं यंत्र विंडोज २००० मध्ये आलं. लिनक्सकडे ते ‘पँगो’च्या रूपाने आलं आणि जून २००२ मध्ये ग्नोम २ या लिनक्सवरच्या खिडक्या-चित्रांच्या पडद्याबरोबर डेस्कटॉपवर पोचलं. पँगो हे नाव ग्रीक ‘पॅन’, म्हणजे सर्व, आणि जपानी ‘गो’, म्हणजे भाषा, यांची जोड आहे. मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पातली मंडळी तेव्हा याच पायावर हिंदी डेस्कटॉप उभा करत होती.

हिंदी उभी राहिली म्हणजे मराठीही राहिली, असं मात्र नाही. लिपी एक असली तरी आपला ल आणि श वेगळ्या वळणाचा, आणि आपल्याला एक असं अक्षर लागतं जे हिंदीच्या गावीही नाही. आचार्यांना जेवायला बोलावणं आणि आचाऱ्यांना जेवण करायला बोलावणं, यांत सगळा फरक त्या र च्या आकाराचा. वारा, दरी, खोरं यांची रूपंसुद्धा त्याच्याशिवाय लिहिता येत नाहीत. युनिकोडमध्ये त्यासाठी ऱ ला हलन्त जोडतात. फॉन्टला हे ठाऊक नसेल तर पाय मोडलेला ऱ आणि शेजारी सुटा य दिसतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ पासून ‘लोहित’ फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले (लोहित म्हणजे लाल, नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी), आणि त्यांवर कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मला विचाराल तर मराठी घरात लिनक्स वापरण्याजोगं झालं ते या कामामुळे. उबंटू या लिनक्सच्या आवृत्तीच्या २००४ नंतर टपालाने घरपोच येणाऱ्या फुकट सीडींचं कौतुक सगळेच करतात. मी त्यांना दुसरा क्रमांक देईन.

शाळांनी हात दिला असता तर हे सगळं लवकर झालं असतं. केरळने त्याच दशकात सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. आपल्याकडे २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने गावोगाव संगणक नेला, हे मोठंच काम, पण तो विंडोज आणि ऑफिसचा. चेन्नईच्या सी-डॅकने २००७ मध्ये डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीवर बेतलेलं ‘बॉस’ आणलं. घरांत ते फारसं दिसलं नाही.

अक्षरं जुळवण्याचं काम पुढे पँगोमधून वेगळं निघून ‘हार्फबझ’कडे गेलं. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलं. आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड सगळे तेच वापरतात. अँड्रॉइडचा कर्नलही लिनक्सच. म्हणजे ‘लिनक्स आपल्याला जमायचं नाही’ हा निरोप मामा व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत पाठवतात, तेव्हा तो लिनक्सवरूनच जातो.

प्रिंटरचं दुखणंही बरंच कमी झालं आहे. वायफायवरचे बहुतेक नवे प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापतात. रुसून बसतात ते जुने, यूएसबीवाले, स्वस्तातले लेझर.

उरतो तो मामांचा ‘जुनी कागदपत्रं’ नावाचा फोल्डर. सोसायटीचे ठराव, एकसष्टीची पत्रिका, कुलवृत्तान्ताची वीस पानं. लिब्रेऑफिस फाइल विनातक्रार उघडतं, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खच पडतो. फाइल शिवाजीत होती की कृतिदेवमध्ये, ते मामांना आठवत नाही, आणि ती टाइप करून देणारं डीटीपीचं दुकान कधीच बंद झालं आहे.