कुत्ना होराच्या मध्ययुगीन चांदीखाणी

बोहेमियातील (आजचा चेक प्रजासत्ताक) कुत्ना होरा येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस चांदीचे मोठे साठे सापडले आणि नशीब काढायला आलेल्यांची तिथे रीघ लागली. राजा दुसरा वेन्सेस्लास याने १३०० मध्ये प्राग ग्रोशेन हे चांदीचे नाणे सुरू केले. ते पाडणारी टांकसाळ ‘इटालियन वाडा’ म्हणून आजही उभी आहे. कारागीर फ्लॉरेन्सहून आणले होते, म्हणून हे नाव. उत्पन्नाचा आठवा हिस्सा राजाचा असे.

त्याच सुमारास राजाने ‘इउस रेगाले मोंतानोरुम’ ही खाणसंहिता ऑर्व्हिएतोच्या गोत्सियस या कायदेपंडिताकडून लिहून घेतली. खाणीचे हक्क, अधिकाऱ्यांची कामे, तंटे सोडवण्याची रीत हे सारे तिच्यात आहे. कामाची पाळी ६ तासांची ठरली. यात केवळ दया शोधू नये. पाळ्या आखून दिल्या की खाण दिवसरात्र चालू ठेवता येते, हाही हिशेब होताच.

खडक हातोडा आणि लोखंडी पाचरीने फोडत. फारच कठीण असला तर शेकोटी पेटवून तापवत, म्हणजे त्याला भेगा पडत. बोगदे जेमतेम एक माणूस सरकेल इतके अरुंद. उजेड चरबीच्या दिव्याचा. कामगार टोपीचा पांढरा झगा घालत, कारण अंधारात माणूस निदान दिसायला हवा. कमरेला मागच्या बाजूने चामडे बांधलेले असे, त्यावर बसून उतारावरून घसरत खाली जाता येई. संत बार्बरा चर्चमध्ये असा पांढऱ्या झग्यातला खाणकामगाराचा पुतळा आहे. ही संत खाणकामगारांची पाठीराखी. चर्चचे बांधकाम १३८८ मध्ये सुरू झाले.

खाणीचा खरा शत्रू पाणी. जितके खोल जावे तितके ते वाढते. त्यामुळे घोडे जुंपून फिरवायचे मोठे रहाट आले. घाण्याला बैल फिरावा तसे घोडे गोल फिरत आणि दोरावरून खनिज व पाणी वर येई. आपल्याकडची मोट आठवावी, फरक एवढाच की ही ‘विहीर’ शेकडो मीटर खोल. ‘ओसेल’ म्हणजे ‘गाढव’ नावाची खाण सुमारे ५०० मीटरपर्यंत गेली; त्या काळातल्या जगातल्या सर्वांत खोल खाणींमध्ये ती गणली जाते. एवढ्या खोलीचा खर्च पेलणे दिवसेंदिवस जड गेले.

पाळी कायद्यात असली तरी कामगार आणि अधिकारी यांच्यात वाद होतच राहिले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कामगारांचे बंड झाले आणि १४९६ मध्ये त्यांच्या म्होरक्यांना पोदेब्राडी येथे देहदंड देण्यात आला. सोळाव्या शतकाच्या मध्यास ओसेल बंद पडली.