राष्ट्रवाद आणि वांशिक अल्पसंख्याकांचा अभ्यास : नागपूर

राष्ट्र कोणाकोणाचे मिळून होते आणि वंशाने, भाषेने किंवा श्रद्धेने वेगळ्या असलेल्या लहान समूहांची त्यात जागा कोणती, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासाची नागपुरातील परंपरा. जगातील विद्यापीठांत हा विषय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नावारूपाला आला. अर्नेस्ट गेलनर आणि बेनेडिक्ट अँडरसन यांचे राष्ट्रवादावरील बहुचर्चित ग्रंथ 1983 या एकाच वर्षी निघाले. नागपुरात मात्र हे काम त्याआधी शंभरावर वर्षे चालले होते, आणि ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पोट दुसऱ्याच कामावर चालत होते. कोणी मिशनरी होते, कोणी मुलकी अधिकारी, कोणी बँकेतले नोकरदार.

गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास वसवलेल्या या शहरात गोंडांविषयी पहिले पद्धतशीर टिपण केले ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. 1845 पासून ते नागपुरात होते. धर्मप्रचार करता करता त्यांनी खडक, जीवाश्म आणि बोली असे सगळेच गोळा केले. गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गोंडी गाथा त्यांनी परधान, म्हणजे गोंडांच्या भाटांकडून मिळवली, हे त्यांचे सर्वांत टिकाऊ काम. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात वाहून गेले. त्यांची टिपणे 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी संपादून छापली.

पुढची पायरी सरकारी होती. मध्य प्रांताच्या (नागपूर राजधानी असलेल्या ब्रिटिशकालीन प्रांताच्या) वंशवर्णनाचे काम आर. व्ही. रसेल या सनदी अधिकाऱ्याकडे आले आणि त्यांना रायबहादूर हिरालाल यांची जोड मिळाली. मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील त्यांचा चार खंडांचा ग्रंथ 1916 साली निघाला. हिस्लॉप यांनी मिळवलेली लिंगोकथा त्यातही आहे. रसेल यांना तो छापलेला पाहता आला नाही. 1915 च्या डिसेंबरात भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ ही बोट पाणतीराने बुडवली गेली, तीत ते होते. ग्रंथाची बरीचशी माहिती जिल्ह्याजिल्ह्यांतील देशी शिक्षक आणि कारकुनांनी लिहून पाठवलेली आहे. त्यामुळे त्याला केवळ साहेबी नजरेचे काम म्हणणे अन्यायाचे होईल, आणि निर्विवाद पुरावा मानणे तर त्याहून धोक्याचे. हा दुसरा धोका पुढे न्यायालयांत प्रत्यक्षात आला.

1940 च्या दशकात वाद पेटला तो आदिवासींना वेगळे राखावे की हिंदू समाजात सामावून घ्यावे, यावर. मंडला जिल्ह्यात राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन पहिल्या बाजूचे मानले गेले. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1943 मध्ये आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवले. सनदी अधिकारी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचा मध्य प्रांत-वऱ्हाडातील आदिवासी प्रश्नावरचा अहवाल 1944 साली आला. त्याचा भर जमीन, सावकारी आणि जंगलावर होता. ओळखीच्या वादात तो मागे पडला.

राष्ट्रवादाच्या अभ्यासकाला नागपूर टाळता येत नाही, याचे कारण शहराच्या नकाशातच आहे. 1925 च्या विजयादशमीला महाल या वस्तीत राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला. 1956 च्या विजयादशमीला, 14 ऑक्टोबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दसऱ्याला रेशीमबागेतले संघाचे संचलन पाहून तासाभरात दीक्षाभूमीच्या गर्दीत पोचता येते. तरीही बहुतेक परदेशी अभ्यासकांनी दोहोंपैकी एकच वाट धरली. वॉल्टर अँडरसन आणि श्रीधर दामले संघाकडे वळले, एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर 1969 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध दिला. क्रिस्तोफ जाफ्रलो यांनी दोन्हींवर लिहिले, पण असे थोडेच. नागपूरच्या महारपुऱ्यात वाढलेले वसंत मून सरकारी नोकरीत होते. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे 1979 पासून निघू लागलेले बहुतेक खंड त्यांच्या संपादनाखाली सिद्ध झाले. या खंडांवाचून पुढच्या पिढीतील कोणत्याच प्रबंधाचे पान हलत नाही.

‘अल्पसंख्याक’ हा साचा येथे नीट बसत नाही. बौद्ध हे केंद्राच्या यादीत धार्मिक अल्पसंख्याक आहेत आणि 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या सवलतींनाही पात्र आहेत. गोंडांची गोष्ट उलटी. काँग्रेसने 1920 च्या नागपूर अधिवेशनात भाषावार प्रांतिक समित्या मान्य केल्या, 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचनाही भाषेवर झाली. मराठी, हिंदी, तेलुगू बोलणाऱ्यांना राज्ये मिळाली. 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली गोंडी या राज्यांत वाटली गेली आणि घटनेने मान्य केलेल्या भाषांच्या आठव्या अनुसूचीतही आली नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा खटाटोप रामटेक तालुक्यातले मोतीरावण कंगाली (1949–2015) यांनी केला. रिझर्व्ह बँकेतील नोकरी सांभाळून त्यांनी गोंडी भाषा, लिपी आणि गोंडी पुनेम (धर्म) यांवर ग्रंथ लिहिले. त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी तोच लिंगो आहे, मात्र आता तो मिशनऱ्याच्या वहीतला कथानायक नसून धर्मसंस्थापक आहे. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते हा त्यांचा दावा भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नाही. गोंड समाजातील त्यांचे स्थान त्याने ढळले नाही.

रसेल-हिरालाल यांचा ग्रंथ आज ग्रंथालयाबरोबर न्यायालयातही उघडला जातो. त्यात गोवारी ही गुराख्यांची जात असून गोंड-गोवारी हा तिचा एक पोटभेद आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र ‘गोंड-गोवारी’ एवढेच नाव आले. जमातीच्या सवलतींसाठी 23 नोव्हेंबर 1994 रोजी विधिमंडळावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी मरण पावले. गोंड-गोवारी ही वेगळी जमात 1911 पूर्वीच लोपली होती, म्हणून यादीतले नाव गोवारींचेच, असा निकाल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2018 मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो फिरवला. आपण हलबा जमातीचेच, हा हलबा-कोष्टी विणकरांचा दावा त्याआधीच, 2000 साली, घटनापीठाने नाकारला होता.

या तंट्यांमुळे अभ्यासकाला नवी नोकरी मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या माधुरी पाटील खटल्यात दिलेल्या निर्देशांनुसार प्रत्येक जमात प्रमाणपत्र तपासणी समितीवर जमातींची जवळून माहिती असलेला संशोधन अधिकारी असतो. नागपुरात मानववंशशास्त्र शिकलेल्यांपुढे भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाचे येथील प्रादेशिक केंद्र आणि विद्यापीठ यांच्याबरोबर हाही एक मार्ग असतो. दक्षता पथक घरी जाऊन शाळेचे दाखले, महसुली कागद तपासते, आणि कुलदेवता, लग्नातले विधी, मर्तिकाच्या चालीरीती विचारते. त्यावरून अर्जदाराचे जमातीशी नाते जुळते का, हे ठरवायला अधिकारी मदत करतो. शहरात दोन पिढ्या काढलेल्या घरातल्या मुलाला ही उत्तरे येतीलच असे नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमातीशी नाते तपासणारी ही चाचणी निर्णायक मानता येणार नाही आणि प्रत्येक प्रकरणात ती आवश्यकही नाही, असे स्पष्ट केले.