दुकानाचं नाव एक, पॅनवरचं दुसरं, आधारवरचं तिसरं : काय चालतं, काय अडतं

माझी मावसबहीण घरून मसाले विकते. पॅनकार्ड माहेरच्या नावाचं, आधार लग्नानंतरच्या, आणि पाकिटावर छापलेलं नाव तिसरंच. एका कॅन्टीनवाल्याने पाकिटावरचं नाव बघून त्याच नावाने चेक दिला, बँकेने परत केला कारण तिचं खातं साधं सेव्हिंग, त्यावर फक्त तिचं स्वतःचं नाव. तीन हजार आठशेचा चेक होता, नवा मिळवायला तीन आठवडे गेले.

तर मुळात, धंद्याला वेगळं नाव ठेवणं पूर्ण कायदेशीर आहे. एकट्याचा धंदा म्हणजे प्रोप्रायटरशिप, त्याला वेगळं पॅन नसतं, तुमचंच पॅन चालतं. म्हणून जीएसटीच्या सर्टिफिकेटवर दोन नावं येतात, लीगल नेम म्हणजे पॅनवरचं आणि ट्रेड नेम म्हणजे पाटीवरचं. ट्रेड नेम पुढे बदलता येतं, फक्त बदल झाल्यापासून 15 दिवसांत पोर्टलवर कळवायचं. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत सहसा जीएसटी लागतच नाही, पण ऑनलाइन साइटवर विकायचं असेल तर आधी विचारून घ्या.

खरं अडतं ते तुमच्या स्वतःच्या नावात. सगळे फॉर्म आधार आणि पॅन जुळवून बघतात, म्हणून आधी ही दोन एकसारखी करा, बाकी सगळं नंतर. लग्नामुळे नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट चालतं. नुसतं आवडलं म्हणून बदललं असेल तर राज्याच्या राजपत्रात छापून घ्यावं लागतं, अर्ज ऑनलाइन होतो. पॅनवर नाव दुरुस्त केलं तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे जुने रिटर्न वगैरे कुठे जात नाहीत. आणि सासरचं नाव लावलंच पाहिजे असं काही नाही हं, माहेरचंच ठेवायचं असेल तर आधार तसं करून घ्या.

मग उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी. आधार, पॅन आणि मोबाइल एवढंच लागतं, कागद अपलोड करायचे नाहीत, आणि ती फुकट आहे, दीड-दोन हजार मागणाऱ्या साइट्स सरकारी नसतात. त्यात धंद्याचं नाव लिहायचा रकाना येतो, तिथलं स्पेलिंग पाकिटावरच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. बहिणीने इंग्रजीत एकीकडे ‘मसाले’ एका ‘ए’ने लिहिलं, दुसरीकडे दोन ‘ए’ने, बँकेतल्या मॅडमनी तिथेच पेन ठेवलं. शॉप ॲक्टला, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याला, घरातली दोन-तीन माणसं असतील तर नोंदणी नाही, धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, तिची पावती मिळते. मसाले, लोणची असं काही असेल तर फूड लायसन्सचं वेगळं बघावं लागतं.

करंट अकाउंटला, म्हणजे धंद्याच्या नावाच्या खात्याला, बँक सहसा धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागते, उद्यम आणि शॉप ॲक्टची पावती मिळून काम होतं. खातं ‘अमुक मसाले, प्रोप्रायटर तमुक’ असं उघडतं, तसाच शिक्का करून घ्या.

एक राहिलं, यातल्या कुठल्याच कागदाने नाव तुमच्या मालकीचं होत नाही, शेजारच्या गल्लीतला तेच नाव लावू शकतो. ते हवं असेल तर ट्रेडमार्क, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका क्लासला, म्हणजे मालाच्या एका वर्गाला, 4,500 रुपये. बहिणीने ते सध्या ठेवलंय बाजूला, आधी दिवाळीचा माल जाऊ दे म्हणते.