टर्कीच्या शिकारीच्या सीझनआधी माग काढायला येताय? कॉल गाडीतच ठेवा

दर मे महिन्यात आमच्या शेतांवर शिकारीला येणाऱ्यांचा आम्हाला एकच फोन येतो. "एप्रिलमध्ये आलो तेव्हा टेकडी नुसती दणाणत होती, चार-चार नर ओरडत होते. सीझन उघडला त्या दिवशी सगळे चिडीचूप कसे?" आम्ही विचारतो, एप्रिलमध्ये कॉल, म्हणजे मादीचा आवाज काढायचं साधन, वाजवला होता का? उत्तर ठरलेलं: "एकदोनदाच, सहज."

त्या एकदोनदाने तुमची आख्खी सकाळ जाते, म्हणून हे पत्रक. लायसन्स, हंटर एज्युकेशनचा कोर्स, पेनसिल्व्हेनियात वसंतात फक्त दाढीवाला (छातीवर केसांसारख्या पिसांचा झुपका असलेला) पक्षी मारता येतो, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

टर्कीची रीत अशी की नर जागेवर उभा राहून ओरडतो, पिसारा फुलवतो, आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. आपण मादीचा आवाज काढून त्यालाच आपल्याकडे यायला लावतो. तो एकदा येतो. शंभर पावलं चालून आल्यावर मादी दिसत नाही, झाडाआड माणूस मात्र हलतो. असा फसलेला नर पुढच्या वेळी लांबूनच मान उंचावून बघतो, नाहीतर ओ देणंच बंद करतो. मोबाइलवर मादीचं रेकॉर्डिंग लावून बघणंही तितकंच वाईट, आणि शिकारीत इलेक्ट्रॉनिक कॉल तर कायद्यानेच बंद आहे.

मग माग काढायचा कसा? कानांनी. सूर्य मावळताना धुऱ्यावर गप्प उभे राहा. पक्षी रातथाऱ्याच्या, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या, झाडावर चढतात तेव्हा ओली गोधडी झटकल्यासारखी जड फडफड ऐकू येते. आवाज आलाच नाही, तर घुबडाची हाक द्या. नर दचकून ओरडतो, पण जागचा हलत नाही, त्यामुळे काही शिकतही नाही. झाड कळलं की तिथूनच मागे फिरा, खाली जाऊन बघू नका.

बाकीचं दुपारी जमिनीवर वाचा. नराची विष्ठा आकड्यासारखी वळलेली असते, मादीची गोळा झालेली. शेतरस्त्याच्या धुळीत पावलांच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा दिसल्या तर तिथे नर पंख जमिनीला घासत मिरवला आहे. अशी जागा आम्हाला दहा ठशांपेक्षा मोलाची वाटते, कारण तो तिथे पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते.

काही जण रागावतात की एप्रिलच्या मध्यानंतर आम्ही आमच्या शेतांवर कुणालाच आत सोडत नाही, पैसे भरलेल्यांनाही नाही. हा नियम आम्ही मोडणार नाही. त्या दिवसांत संध्याकाळी आम्हीच रस्त्यावरून ऐकतो आणि रातथाऱ्यांच्या खुणा केलेला नकाशा बुकिंग केलेल्यांना देतो. फीमध्ये तो धरलेला आहे. कॉल वाजवायची हौस आम्हालाही आहे. त्यासाठी एप्रिलच्या शनिवारी आमच्या बार्नमध्ये या, हवा तितका वाजवा, चुका तिथेच करा.

दुसरी तक्रार, "अकरापर्यंत बसवून ठेवता." पहिले दोन आठवडे शिकार दुपारी बारापर्यंतच असते, आणि पहाटे नराभोवती माद्या असतात. त्या अंड्यांवर गेल्या की तो एकटा पडतो. आमच्याकडचे बरेच पक्षी नऊनंतरच मिळाले आहेत. साडेसातला उठून "चला" म्हणू नका. आवाजाच्या दिशेने दबकत जाणं तर मुळीच नको: वसंतात पक्षी बोलावूनच मारायचा, हा कायदा आहे, आणि त्या आवाजामागे दुसरा शिकारीही असू शकतो. याच कारणासाठी लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, मोजे आणि रुमालसुद्धा. नराच्या डोक्याचे रंग तेच. खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसा. कुणी येताना दिसलं तर हात हलवू नका, मोठ्याने बोला.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आमच्यापर्यंत गाडीने चारेक तास लागतात. रात्री निघून अर्धवट झोपेत बंदूक हातात घेण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी या. दोन खोल्या आहेत, गरम जेवण आहे, आणि रातथारा तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकाल.

बॉक्स कॉल (झाकण घासून वाजवायची लाकडी डबी) गाडीत ठेवतानाही झाकणाला रबरबँड लावा. नुसत्या धक्क्यानेही तो वाजतो.