साडेपाच मीटरची गुंडाळी

ताशी 270 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात 75 मीटर पुढे सरकते. चालकाला समोर काही दिसलं, मेंदूने ते ओळखलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद गेला असं धरू. तेवढ्यात 75 मीटर रस्ता संपलेला असतो आणि ब्रेक लागायला आत्ता कुठे सुरुवात होत असते. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगली पकड असलेले टायर धरले, तरी गाडी पूर्ण थांबायला आणखी साडेतीनशे मीटर लागतात. म्हणजे एकूण सव्वाचारशे मीटरच्या वर.

आता समोर चढ आहे आणि माथ्यापलीकडचं काही दिसत नाही अशी कल्पना करा. दिसणारा रस्ता फक्त 100 मीटर. याच हिशेबाने, पलीकडे काही आडवं आलं तर थांबता यावं असं वाटत असेल, तर वेग ताशी 117 किलोमीटरच्या वर नेता येत नाही. इंजिनात कितीही ताकद असली तरी इथे तिचा उपयोग शून्य. अनोळखी रस्त्यावर वेगाची मर्यादा डोळे ठरवतात.

मिल्ले मिलिया या इटालियन शर्यतीचा सगळा पेच या एका हिशेबात आहे. 1955 साली तो ज्या प्रकारे सोडवला गेला, ती मला मोटारींच्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहराच्या मोटारवेड्यांनी 1927 मध्ये ही शर्यत सुरू केली. इटलीची ग्रां प्री ब्रेशाजवळून उचलून मोंझाला नेल्याचा सल त्यांच्या मनात होता. आयमो माज्जी, फ्रांको माझोत्ती, रेंझो कास्तान्येतो आणि पत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रिनी या चौघांनी ठरवलं, की ब्रेशाहून रोम आणि रोमहून परत ब्रेशा असं सुमारे हजार मैल, म्हणजे 1,600 किलोमीटर, एका दमात धावायचं. त्यासाठी वेगळा ट्रॅक नव्हता. गावांतून, पुलांवरून, चर्चसमोरच्या चौकांतून जाणारे रोजचे रस्तेच शर्यतीसाठी वापरायचे होते. पहिल्या वर्षी ओएम कंपनीच्या गाडीत मिनोया आणि मोरांदी 21 तास 4 मिनिटं 48 सेकंदांत परतले. सरासरी वेग पडला ताशी 77 किलोमीटर.

अठ्ठावीस वर्षांनी ही सरासरी दुपटीहून वर गेली. रस्ते सुधारले होते आणि गाड्या तर फारच सुधारल्या होत्या. पण 1,600 किलोमीटरमधली वळणं, चढउतार, रेल्वेची फाटकं पाठ करणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. ट्रॅकवरच्या शर्यतीत तीच पंधरा-वीस वळणं पुन:पुन्हा येतात आणि ती अंगवळणी पडतात. इथे वळणं हजारोंच्या संख्येत आणि प्रत्येक एकदाच येणार. स्थानिक चालकांना त्यामुळे मोठा फायदा असे; त्यांचं निम्मं आयुष्य याच रस्त्यांवर गेलेलं. इटलीबाहेरचा चालक ही शर्यत क्वचितच जिंकू शकला होता.

1955 मध्ये मर्सिडीजने उतरवलेली 300 एसएलआर ही यंत्र म्हणूनही विलक्षण होती. तीन लिटरचं, एका रांगेत आठ सिलिंडरचं, सुमारे 300 अश्वशक्तीचं इंजिन. आठ सिलिंडर रांगेत लावले की त्यांचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरतीत बदलणारा दांडा, लांबलचक होतो आणि जोर आला की पिळवटतो. म्हणून अभियंत्यांनी चार-चारचे दोन गट करून मधूनच ताकद बाहेर काढली. मग पिळवटणारी लांबी निम्मी झाली. एरवी इंजिनातली झडप कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, उघडतो आणि स्प्रिंग बंद करते. फेरे फार वाढले की स्प्रिंग मागे पडते, झडप वेळेत बसत नाही आणि पिस्टन येऊन तिला ठोकण्याची भीती असते. या इंजिनात झडपेची स्प्रिंगच नव्हती. उघडायला एक कॅम, बंद करायला दुसरा. पेट्रोल कार्ब्युरेटरमधून न येता थेट सिलिंडरमध्ये दाबाने फवारलं जाई. त्यामुळे वळणावर गाडी कितीही एका अंगाला रेटली गेली तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत इंधन हिंदकळून इंजिनाचा घास तुटायचा प्रश्न उरत नव्हता. बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. हा धातू हलका, पण एकदा पेटला की विझवणं महाकठीण.

एवढं असूनही शर्यतीचा निकाल या इंजिनाने एकट्याने लावला नाही. तशाच चार गाड्या त्या दिवशी धावत होत्या.

त्यांपैकी एकीत पंचवीस वर्षांचा इंग्रज चालक स्टर्लिंग मॉस होता आणि शेजारी बसला होता डेनिस जेंकिन्सन. हा दाढीवाला बुटका माणूस मोटारींवर लिहिणारा पत्रकार होता. पण 1949 मध्ये साइडकार मोटरसायकलींच्या विश्वविजेतेपदात एरिक ऑलिव्हरचा साथीदारही तोच होता. साइडकारचा साथीदार वळणावळणाला जमिनीपासून वीतभर अंतरावर लोंबकळत असतो आणि हँडल मात्र दुसऱ्याच्या हातात असतं. दुसऱ्याच्या निर्णयावर जीव सोपवून डोकं शांत ठेवायची त्याला सवय होती.

कल्पना होती ती अशी. शर्यतीआधी सगळा मार्ग पुन:पुन्हा फिरायचा. प्रत्येक धोक्याची जागा किलोमीटरच्या दगडासह टिपायची. वळणांची तीन प्रतींत विभागणी करायची: जरा खट्याळ, दगाबाज आणि अतिधोक्याचं. कुठला माथा न बिचकता पूर्ण वेगात ओलांडता येतो, कुठे रस्ता खडबडीत आहे, कुठे रेल्वेचे रूळ आडवे जातात, सगळं लिहायचं. ही टिपणं सुमारे साडेपाच मीटर लांब कागदावर उतरवली गेली. तो कागद दोन दांड्यांवर गुंडाळून ॲल्युमिनियमच्या डबीत बसवला आणि डबीला पारदर्शक खिडकी ठेवली. उघड्या गाडीतल्या वाऱ्यात सुटा कागद टिकलाच नसता. जेंकिन्सन दांडी फिरवत जाई आणि खिडकीत पुढची ओळ येई. ही युक्ती त्याने आणि जॉन फिच या अमेरिकन चालकाने मिळून काढली होती. फिच हा दुसऱ्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक. खरं तर जेंकिन्सन त्याच्याच गाडीत बसणार होता, पण मॉसकडे जास्त वेगवान गाडी आहे म्हणून फिचने त्याला मोकळं केलं. असा मोठेपणा शर्यतीच्या जगात सहजासहजी दिसत नाही.

आता टिपणं मॉसपर्यंत पोचवायची कशी? आधी कानाला लावायचं इंटरकॉम करून पाहिलं. तेव्हा एक गंमतीची गोष्ट ध्यानात आली. मॉस पूर्ण एकाग्रतेने गाडी हाकत असला की कानात बोललेलं त्याच्यापर्यंत पोचतच नसे. आवाज कानात शिरत होता, पण मेंदू त्याची दखल घेत नव्हता. डोळ्यांवर कामाचा फार ताण आला की कानाकडून आलेल्या माहितीकडे मेंदू काणाडोळा करतो, हे पुढे प्रयोगशाळांतही दिसून आलं. या दोघांनी ते रस्त्यावर ओळखलं आणि इंटरकॉम सोडून हाताच्या खुणा ठरवल्या. डोळे कामात होतेच. निरोपही डोळ्यांच्याच वाटेने धाडला.

या एका व्यवस्थेने सुरुवातीचा हिशेब उलटा झाला. मॉसला दिसत होता 100 मीटर रस्ता, पण माहीत होता किलोमीटरभर पुढचा. माथ्यापलीकडे रस्ता सरळ आहे हे कळलं की ब्रेकला हात, किंवा खरं म्हणजे पाय, लावायची गरज उरत नाही. अर्थात यात विश्वासाचा भाग प्रचंड आहे. टिपण्यात एक ओळ चुकली किंवा गुंडाळी एक माथा पुढे गेली, तर पुढचं बोलायला दोघेही उरले नसते.

आणि माथा ओलांडणं म्हणजे तरी काय? उंचवट्याच्या वक्रतेवरून गाडी जाते तेव्हा तिला रस्त्याला धरून ठेवणारं एकमेव बळ म्हणजे गुरुत्वाकर्षण. वेगाचा वर्ग भागिले वक्रतेची त्रिज्या ही संख्या गुरुत्वत्वरणापेक्षा जास्त झाली की चाकं जमीन सोडतात. ताशी 100 किलोमीटरला त्यासाठी 80 मीटरहून लहान त्रिज्येचा, म्हणजे चांगलाच टोकदार उंचवटा लागतो. ताशी 270 ला 570 मीटर त्रिज्येचा माथाही पुरतो, जो चालत जाणाऱ्याला चढ म्हणून जाणवणारही नाही. गाडी अर्धा सेकंद हवेत राहिली तरी तेवढ्यात सदतीस मीटर जातात. त्या काळात ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. उतरताना पुढची चाकं सरळच असली पाहिजेत. ॲड्रियाटिक किनाऱ्याकडच्या लांब रस्त्यांवर मॉसची गाडी चारही चाकांनी अशी उडाली, आणि त्याने स्टिअरिंग जसंच्या तसं धरून ठेवलं.

वेग चढवण्याइतकाच तो उतरवणं अवघड. माणसं आणि इंधन धरून गाडीचं वजन अकराशे किलो मानलं, तर ताशी 270 वरून 90 वर येताना जी गतिज ऊर्जा उष्णतेत जाते, तिच्यात आठ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. एवढी उष्णता ब्रेकने काही सेकंदांत पोटात घ्यायची, आणि थंड व्हायच्या आत पुन्हा घ्यायची. 300 एसएलआरला ड्रम ब्रेक होते. ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या ब्रेक शूपासून लांब जातो, आणि शूवरच्या लायनरचं घर्षणही उतरतं. मग पाय दाबून दाबून ब्रेक लागेनासे होतात. मर्सिडीजने ड्रम मोठे करून चाकांतून काढून गाडीच्या आत बसवले होते. गंमत म्हणजे या रोगावरचा इलाज मॉसने याच शर्यतीत तीन वर्षं आधी वापरला होता: 1952 मध्ये तो नॉर्मन ड्यूइससोबत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार घेऊन उतरला होता. डिस्क उघडी असते, वाऱ्याने निवते, आणि तापून फुगली तरी पॅडकडेच सरकते.

1 मे 1955 रोजी सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी मॉस-जेंकिन्सन निघाले. गाडीवरचा 722 हा आकडा म्हणजे सुटायची वेळच. पाचशेहून अधिक गाड्या आदल्या रात्रीपासून एकेक सोडल्या जात होत्या, लहान आधी, मोठ्या शेवटी. पादोवामध्ये मॉसचा अंदाज चुकला, गाडी गवताच्या गाठींवर आपटली आणि कास्तेल्लोत्तीची फेरारी पुढे निघून गेली. पण कास्तेल्लोत्तीने टायर घासून घासून संपवले. पुढे एकदा जेंकिन्सनला पोटात ढवळून उलटी झाली; तो बाहेर झुकला आणि वाऱ्याने त्याचा चष्मा उडवून नेला. जवळ दुसरा चष्मा होता म्हणून बरं. तो नसता तर गुंडाळी वाचणारंच कुणी उरलं नसतं आणि मॉसचा किलोमीटरभर पुढचा रस्ता पुन्हा 100 मीटरवर आला असता.

रोममध्ये जो पुढे असतो तो ब्रेशात हरतो, असं शर्यतीत म्हटलं जाई. मॉस रोममध्ये पुढे होता. रादिकोफानीचा डोंगर, सिएना, फ्लॉरेन्स, मग फुटा आणि रातिकोसा हे घाट, बोलोन्या, आणि शेवटी क्रेमोना-मांतुआ-ब्रेशा हा सपाट टप्पा. 10 तास 7 मिनिटं 48 सेकंद. सरासरी ताशी 157.65 किलोमीटर. दुसरा आलेला हुआन मान्युएल फांजिओ बत्तीस मिनिटं मागे होता. त्याची गाडी तीच, पण तो एकटा होता, आणि त्याच्या इंजिनाचा एक सिलिंडर वाटेत बंद पडला होता. म्हणून ही सगळी बत्तीस मिनिटं गुंडाळीच्या खात्यावर मांडणं अन्यायाचं होईल. तरीही इटलीच्या रस्त्यांवर वाढलेल्या चालकांना पंचवीस वर्षांच्या परक्या मुलाने त्यांच्याच रस्त्यावर मागे टाकलं, ते टिपणांच्या जोरावर. हा विक्रम कधीच मोडला नाही. आज कुठल्याही रॅलीत सहचालक वहीतून वळणं वाचताना दिसतो, ती वही या गुंडाळीचीच वंशज आहे.

पण त्या गुंडाळीत न मावणारी एक गोष्ट होती: कडेला उभी असलेली माणसं. पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं रस्त्याला खेटून उभी असत, मध्ये ना कठडा ना दोरी. 1938 मध्येच बोलोन्यात एक गाडी गर्दीत घुसून दहा जण गेले होते, त्यांत सात मुलं होती. 12 मे 1957 रोजी ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर भर वेगात फुटला. ताशी 250 किलोमीटरला टायरच्या कडेवरचा एक ग्रॅम रबर सुमारे दीड किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढला जात असतो. टायरला आधीच कुठे इजा असेल तर त्याला सावरायला काही उरत नाही. दे पोर्तागो, त्याचा सहचालक एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. त्यांत पाच मुलं. शर्यत तिथेच संपली, आणि ती संपायलाच हवी होती. तिच्यावर माझं कितीही प्रेम असलं तरी हे म्हणायला मी कचरत नाही.

जॉन फिचने हे दोन वर्षं आधीच जवळून पाहिलं होतं. त्या 1955 च्या शर्यतीत तो मर्सिडीजचीच, पण साधी 300 एसएल घेऊन पाचवा आला. पुढच्याच महिन्यात, 11 जूनला, फ्रान्समधल्या ल मां शर्यतीत, जिथे एकच गाडी आळीपाळीने चालवतात, त्याचा जोडीदार पिएर लव्हे गाडी चालवत असताना ती दुसऱ्या गाडीवर आदळून गर्दीत फेकली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्यानंतरच्या खेपेला गाडीत बसायची पाळी फिचची होती. पुढचं बरंचसं आयुष्य त्याने रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी घातलं.

त्याने बनवलेला अडथळा दिसायला साधा आहे: वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिंपं. ताशी 100 किलोमीटरने गाडी काँक्रीटच्या खांबावर आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसावर गुरुत्वाच्या सुमारे 80 पट धक्का बसतो. तीच गाडी सहा मीटरमध्ये थांबली तर धक्का सात पटीच्या आत येतो, आणि पट्टा बांधलेला माणूस तो सोसतो. म्हणून खांबापुढे पिंपांची रांग लावायची, आणि ती सारखी भरायची नाहीत. गाडी सर्वांत वेगात असते तेव्हा तिला पहिलं भेटणारं पिंप सर्वांत हलकं हवं, नाहीतर तेच भिंतीसारखं लागेल. मागच्या प्रत्येक पिंपात वाळू वाढत जाते. गाडी एकेक पिंप फोडते, वाळूला आपला थोडा वेग देते, आणि खांबापाशी पोचेपर्यंत तिच्याकडे द्यायला फारसं काही उरत नाही. अमेरिकेतल्या महामार्गांवर 1960 च्या दशकाच्या शेवटी ही पिंपं बसू लागली.