मिटिगेट आणि मिलिटेट: ‘अगेन्स्ट’ नेमके कोणाचे?

‘मिटिगेट’ हे इंग्रजी क्रियापद आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. हवामानबदलावरच्या लेखनात ते पदोपदी भेटते, आणि अनिष्ट गोष्टीची तीव्रता कमी करणे हा त्याचा अर्थही सर्वांना ठाऊक असतो. ‘मिलिटेट’ मात्र क्वचितच वाचनात येते आणि लिहिताना त्याची जागा ‘मिटिगेट’ बळकावते. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या इंग्रजी मसुद्यांत ‘इरॅटिक रेनफॉल मिटिगेट्स अगेन्स्ट अर्ली सोइंग’ अशा धर्तीची वाक्ये मी वर्षानुवर्षे दुरुस्त करत आलो आहे. लहरी पाऊस लवकरच्या पेरणीला सौम्य करत नाही, तो तिच्या आड येतो. म्हणून तिथे ‘मिलिटेट्स’ हवे.

‘आड येणे’ हा आपला वाक्प्रचार इथे फार उपयोगी पडतो, कारण तो अर्थाबरोबर व्याकरणही सांभाळतो. ‘पेरणीच्या आड’ हे शब्द गाळले तर मराठी वाक्य जसे उभे राहत नाही, तसेच ‘अगेन्स्ट’ गाळल्यावर ‘मिलिटेट’ लटके पडते. उलट ‘मिटिगेट’ सकर्मक आहे. नुकसान, वेदना, शिक्षा असे आपले कर्म ते थेट घेते आणि मध्ये कोणतेही अव्यय त्याला खपत नाही.

व्युत्पत्ती थोडक्यात सांगतो: ‘मिटिगेट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘मऊ’ या अर्थाचा शब्द आहे, ‘मिलिटेट’च्या मुळाशी ‘सैनिक’ या अर्थाचा.

खरी गफलत होते ती एकच वस्तुस्थिती दोन्ही कामे करू शकते म्हणून. बच्चनसिंग खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षेचा विचार करताना गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणाऱ्या आणि ते सौम्य करणाऱ्या, म्हणजेच ‘मिटिगेटिंग’, परिस्थितींची चर्चा केली. आरोपीचे कोवळे वय ही तशी एक परिस्थिती. हे वय शिक्षेची तीव्रता कमी करते, तेव्हा ते शिक्षा ‘मिटिगेट’ करते. शिक्षा होतेच, फक्त हलकी होते. तेच वय ‘मिलिटेट्स अगेन्स्ट द डेथ सेंटेन्स’ असे आपण लिहितो, तेव्हा फाशी मुळी दिलीच जाऊ नये या बाजूने ते वजन टाकते. एका क्रियापदात गोष्ट घडते आणि तिची धार बोथट होते, दुसऱ्यात ती घडण्यालाच अटकाव होतो. हा भेद पुसला गेला तर निकालपत्राचा अर्थच बदलेल, म्हणून ‘लोक असेही लिहितात’ ही सबब मला मान्य नाही.

आणखी एक आग्रह. ‘मिलिटेट’चा कर्ता शक्यतो पुरावा, वय, खर्च, अंतर अशी वस्तुस्थिती असावी. सभासदांनी ठरावाला विरोध केला असेल, तर साधे ‘अपोज्ड’ लिहावे. आणि ‘मिलिटेट’ लिहिताना हात अडखळत असेल, तर ‘टेल्स अगेन्स्ट’ हा सोपा, निर्दोष पर्याय इंग्रजीत आहे. तो वापरावा, पण ‘मिटिगेट’ला ‘अगेन्स्ट’ जोडू नये.